धाकटीचा डावा हात

सभागृहात पाऊल टाकताच धाकटीच्या मनाला एक बारीकसा हिसका बसला. पण तो कशामुळे बसला हे ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला. खुर्च्या जिथल्या तिथे होत्या. उंच खिडक्यांतून कलत्या दुपारचे ऊन फरशीवर लांबट तुकड्यांनी उतरले होते. मंचावर तिचा कीबोर्ड होता आणि त्यावर तिनेच पसरलेले सुती फडके होते. नव्हते ते दोन स्टूल, आणि त्या स्टुलांवर सकाळी तिने स्वतःच्या हातांनी मांडलेले दोन लहान स्पीकर. त्यांच्या जागी, मंचाच्या दोन्ही अंगांना, माणसाहून उंच असे दोन काळे खोके उभे होते. न बोलावता येऊन बसलेले पाहुणे यजमानालाच 'या, बसा' म्हणू लागावेत तसे. त्या खोक्यांच्या तोंडावरील लोखंडी जाळीकडे तिने पाहिले आणि तिच्या डाव्या कानात, जिथे गेली कित्येक वर्षे एक बारीक शीळ अखंड वाजत असे, ती शीळ किंचित वर चढली.

वायरींचे वेटोळे सोडवीत बसलेला आवाजवाला उठला. भला माणूस होता. दादांनी सांगितले म्हणून हे दोन मोठे आणले, असे त्याने अदबीने सांगितले, आणि तिची नजर मंचावर काही शोधते आहे असे पाहून तिची चिंता आपल्या परीने हेरून म्हणाला, "तुमचे ते छोटे पडद्यामागे ठेवलेत बाई. घरगुती आहेत ना ते. काळजी करू नका, कुणी नेणार नाही."

कुणी नेणार नाही हे त्याने धीर देण्यासाठी म्हटले होते, आणि ते खरेही होते. ते स्पीकर चोराने हौसेने उचलावेत असे नव्हतेच. दोन बुटके खोके, प्रत्येकी जेवणाच्या डब्याहून थोडेसे मोठे, आणि त्यांच्या जोडीला जमिनीवर ठेवायचा एक चौकोनी डबा, ज्यातून खर्ज निघे. घरात बसून गाणी ऐकावीत, चित्रपट पाहावेत, एवढ्याच अपेक्षेने ते कुणीतरी कुठेतरी घडवले होते. वहिनी त्यांना धाकटीचे डबे म्हणत, आणि भेटल्यावर प्रकृतीची विचारपूस करावी तशा 'डबे कसे आहेत तुझे?' असे विचारीत. त्या चेष्टेचा धाकटीला कधी राग आला नव्हता. परंतु 'घरगुती' हा शब्द मात्र आज तिला खुपला. सबंध आयुष्य ज्या शब्दाने तिला आत ठेवले होते, तोच शब्द आता तिच्या सुरांना पडद्यामागे ठेवीत होता. ती मंचाच्या पायरीवर बसली. कार्यक्रमाला अद्याप अवकाश होता, आणि विचार करायला बसायचे तर पायरीइतकी बरी जागा नाही. तिथे माणूस वरही नसते आणि खालीही नसते.

तिची साठी उलटून गेली होती, केसांत काळे म्हणून काही उरले नव्हते, तरी घरात आणि घराबाहेर ती धाकटीच राहिली होती. दादाच्या वाद्यवृंदात ती प्रथम बसली तेव्हा तिचे पाय धड पेडलपर्यंत पोचत नसत. त्या वेळी दादाने सर्वांना सांगितले होते की ही माझी धाकटी, हिला सांभाळून घ्या. आणि पुढली तीस-बत्तीस वर्षे सर्वांनी तिला सांभाळून घेतले. मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, ढोलांच्या शेजारी, भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांच्या अगदी कुशीत तिची जागा असे. दादा त्या वृंदाचा कर्ता, आणि त्याचा एक नेम होता. कार्यक्रमापूर्वी तो सभागृहाच्या अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसे, डोळे मिटी, आणि उजवा हात वर करी. हात वर आहे तोपर्यंत आवाज चढवत राहायचे. हात खाली आला की तो आवाज त्या दिवसाचा. शेवटच्या रांगेतला माणूस आपला मालक आहे, असे तो म्हणे, आणि हे तो इतक्या श्रद्धेने म्हणे की एकाही नव्या वादकाने त्यावर हसण्याचे धाडस केले नाही. धाकटीनेही केले नाही. दादाच्या त्या श्रद्धेला ती आजही मनातल्या मनात हात जोडत असे, कारण त्या वृत्तीनेच साऱ्यांचे संसार चालले होते. फक्त वर्षे जात होती तसा तो हात अधिकाधिक वेळ वर राहू लागला होता.

त्या गदारोळात तिचा उजवा हात निदान लोकांना ऐकू येत असे. गाण्याच्या मुखड्याआधीचे दोन-चार झगमगीत सूर, गायकाने श्वास घेतला की मधली जागा भरणारी एखादी फिरत, एवढे काम त्या हाताला असे आणि ते तो चोख करी. डाव्या हाताचे मात्र कुणालाच काही नव्हते. खर्जाची बाजू दुसरे वादक सांभाळीत, म्हणून खटके हाताळणारा माणूस तिच्या वाद्याचा खालचा अर्धा भाग सरळ बंद करून टाकी. हे तिला ठाऊक होते. प्रथम तिने विचारले होते. उत्तर मिळाले होते की गोंधळ होतो. त्यानंतर ती विचारीनाशी झाली, परंतु डावा हात वाजवायचा मात्र तिने कधी सोडला नाही. दर प्रयोगाला, दर गाण्याला, त्या बंद केलेल्या पट्ट्यांवर तिचा डावा हात आपले म्हणणे पूर्णपणे मांडत असे. उजव्या हाताने हसून दाखवायचे आणि डाव्याने खरे काय ते सांगायचे, असा जणू तिचा परिपाठच पडून गेला. शेजारचा ढोलकीवाला एकदा म्हणाला होता, की धाकटे, ऐकायला कुणी नाही तर एवढी बोटं का झिजवतेस. ती म्हणाली होती, की मोडायला नकोत म्हणून. दोघेही हसले होते. पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, हे तिला त्याही वेळी समजत होते.

वृंद बंद झाला तो कुणाच्या भांडणाने नव्हे. लोकांची आवड सरली, माणसे पांगली. धाकटीच्या हाती उरला तो जुना कीबोर्ड आणि कानातली शीळ. कानाच्या डॉक्टरांनी यंत्रातून तपासणी केली, डावा कान बराच गेला आहे असे सांगितले, आणि पुढे मोठ्या आवाजापासून दूर राहा असा सल्ला दिला. ती मनात म्हणाली, आता सांगता होय. मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस बाजारातून येताना एका दुकानात तिला ते बुटके खोके दिसले. दुकानातला तरुण विक्रेता उत्साही होता. वायरीची भानगडच नाही, सगळे हवेतून जोडले जाते, असे सांगून त्याने कौतुकाने जोडूनही दाखवले. तिने ते घरी आणले, त्याने शिकवले होते तसेच, त्याने दिलेले बोटभर यंत्र लावून, हवेतून कीबोर्डला जोडले आणि पट्टीवर बोट ठेवले. सूर आला, परंतु बोटाबरोबर आला नाही. किंचित मागाहून आला, शेजारच्या खोलीतून कुणी हाकेला ओ द्यावी तसा. तिने पुन्हा वाजवले. पुन्हा तसेच. दोष त्या हवेतल्या जोडणीचा असेल, हे तिच्या मनातही आले नाही. तिला वाटले, माझी बोटे म्हातारी झाली. आयुष्यभर ज्यांना सांभाळून घेतले गेले त्या माणसांना सारे दोष आधी स्वतःतच सापडतात. कित्येक दिवस ती रोज सकाळी वाद्यापुढे बसे, मागे पडणाऱ्या सुराला गाठण्यासाठी बोट आधीच टाकू पाही, आणि हरून उठे. कुणापाशी बोलली नाही. कीबोर्ड विकून टाकावा असेही तिने ठरवत आणले होते. मग एकदा केर काढताना डब्याच्या मागच्या बाजूला एक भोक दिसले, आणि खणात पडलेली जुनी वायर सहज म्हणून तिने त्यात खोचली. पट्टीवर बोट ठेवले. सूर बोटातून आला.

त्या क्षणी ती रडली नाही. तिला राग आला, आणि तो राग तिला इतका नवा होता की क्षणभर तिने तो ओळखलाच नाही. हातातली केरसुणी तशीच भिंतीला टेकवून ती बसली आणि वाजवू लागली, आणि थोड्याच वेळात तिच्या ध्यानात आले की पायाशी ठेवलेल्या त्या चौकोनी डब्यातून कुणीतरी बोलत आहे. शांत, खोल, पुरते वाक्य संपवल्याशिवाय न थांबणारा असा तो आवाज होता. तो तिचा डावा हात होता. तिने तो त्यापूर्वी असा कधीही ऐकला नव्हता. मूर्तीवरचे शेंदराचे पुट गळून पडावे आणि आतले मूळचे मुख पाहून पुजाऱ्यानेच स्तब्ध व्हावे, तशी ती आपल्याच हाताकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून तिने स्वतःच्या बोटांवर संशय घेणे सोडून दिले. आणि एकदा तो संशय सोडला की माणसाला सांभाळून घेणे इतरांना जरा जडच जाते.

पुढे तिने त्या लहान स्पीकरांचा स्वभाव जाणून घेतला; घरात नव्याने आलेल्या माणसाचा घ्यावा तसा, घाई न करता. ते हळू वाजले की सारे सांगत. आवाज बेताचा चढवला तरी सांगत. परंतु एका मर्यादेपलीकडे चढवला की ते स्वतःचा जीव वाचवण्यासाठी खर्ज आपोआप गिळून टाकीत, आणि मग उरे तो केवळ वरचा, पत्र्यासारखा कलकलाट; म्हणजे पुन्हा उजवा हातच. ती मर्यादा बटणावर नेमकी कुठे येते हे तिच्या बोटांना आता न पाहता कळे. त्या मर्यादेच्या आत राहून तिने नव्या रचना बांधल्या. घरगुती आवाजात बांधल्या, कारण घरात माणसे ओरडून खरे बोलत नाहीत. एके दिवशी खालच्या मजल्यावरचे घड्याळे दुरुस्त करणारे काका जिना चढून वर आले. तक्रार असणार असे समजून ती क्षमा मागू लागली, तर ते दारातच उभे राहून म्हणाले की परवाचे ते सावकाशीचे पुन्हा वाजवाल तर बरे, माझे काम त्यावर चांगले होते. आणि मग ते लाजून खाली गेले. तिला मिळालेल्या साऱ्या टाळ्यांत एवढी भरघोस टाळी दुसरी नव्हती. त्या काकांनीच पुढे ग्रंथालयात सांगितले, ग्रंथपालबाई ऐकायला आल्या, आणि ग्रंथालयाच्या सभागृहात केवळ तिच्या एकटीच्या वादनाचा आजचा हा कार्यक्रम ठरला. आयुष्यातला पहिला. दादाला कळले तेव्हा तो इतका हरखला, की पुढचे सारे त्याने आपल्या अंगावर घेतले. आणि त्या प्रेमातूनच हे दोन काळे खोके येऊन उभे राहिले होते.

ते नको म्हणणे म्हणजे दादाला नको म्हणणे, हे पायरीवर बसल्या बसल्या तिला स्वच्छ दिसत होते. मोठ्या खोक्यांतून डावा हात कदाचित ऐकू आलाही असता; ती अडाणी नव्हती. परंतु त्यांचे खटके आवाजवाल्याच्या मेजावर होते, मेज सभागृहाच्या मागच्या बाजूला होते, आणि त्या मेजाशेजारी शेवटच्या रांगेत दादाचा उजवा हात वर होणार होता. तो वर गेला की खाली केव्हा येईल, हे आता कुणाच्याच हाती नव्हते. म्हणजे आजही ती कोपऱ्यात बसून वाजवणार, आणि ती कशी ऐकू यावी हे इतर ठरवणार. माझे पहिले वाक्यदेखील मी दुसऱ्याच्या तोंडून बोलायचे काय, असा प्रश्न तिच्या मनात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर इतके तत्काळ आले की तिला स्वतःचीच किंचित भीती वाटली.

दादा आला तो मोठ्याने बोलतच. अलीकडे तो सदैवच मोठ्याने बोले. त्याने खोक्यांवर थाप मारली, आवाजवाल्याची पाठ थोपटली, आणि धाकटीला म्हणाला की बघ, कसा दणका उडतो आज. ती उठून उभी राहिली. तिने हळू, पण प्रत्येक शब्द सुटा करून सांगितले की दादा, मी माझ्या स्पीकरांवर वाजवणार आहे.

"पावणेसहाला," दादा म्हणाला. "लोक वेळेवर येतील. तू काळजी करू नको."

तिने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितले. या खेपेस त्याला समजले. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद एकाएकी मावळला नाही. दिव्याची वात हळूहळू खाली करावी तसा तो कमी झाला. मग तो चिडला. त्या खेळण्यांवर वाजवून हसे करून घ्यायचे आहे का, असे त्याने विचारले. मागच्या माणसाने काय तुझी बोटे पाहत बसायचे? सारा जन्म मी काय शिकवले तुला? ती म्हणाली की खुर्च्या पुढे घेऊ. जवळ बसवू सगळ्यांना. त्यावर तो असे काही हसला की आवाजवाल्याने मान खाली घालून वायर गुंडाळायला घेतली.

"जवळ बसवायला ते काय जेवायला आलेत?" दादा म्हणाला. "हे सभागृह आहे, धाकटे. स्वयंपाकघर नव्हे."

"चांगलं जेवण स्वयंपाकघरातच होतं," ती म्हणाली. हे शब्द आपल्या तोंडून कसे गेले हे तिला समजले नाही. पण गेले ते परत घ्यावेत असेही वाटले नाही. दादा पाठ फिरवून तडक सभागृहाच्या मागच्या टोकाकडे चालू लागला.

वहिनी बाजूच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी धाकटीला आत ओढले, दार लोटले, आणि नेहमीची चेष्टा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "ऐक. ह्यांचा एक कान पार गेलाय, दुसऱ्यानेही जवळजवळ काही ऐकू येत नाही. यंत्र घालत नाहीत कानात, लाज वाटते. मी बोलते ते ओठांवरून ओळखतात, नाहीतर ठोकून देतात काहीतरी. ते मोठे खोके लोकांसाठी नाही आणलेले गं. तुझं वाजवणं एकदा त्यांच्या कानांवर पडावं, म्हणून आणलेत." आणि थोडे थांबून, जणू स्वतःच्याच बोलण्याचा भार हलका करण्यासाठी त्यांनी पुस्ती जोडली, की घरी टीव्ही लागला की शेजारचे आमच्याकडे न येताच बातम्या ऐकतात.

धाकटी हसली नाही. तिने भिंतीला हात टेकला. म्हणजे तो हात वर्षानुवर्षे अधिकाधिक वेळ वर राहत होता, तो शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी नव्हे. त्या रांगेतला माणूस दादा स्वतःच होता. त्याला ऐकू येईपर्यंत आवाज चढत राहिला, आणि तो चढला म्हणून त्याला आणखी ऐकू येईनासे झाले, आणि त्याच चढत्या भिंतीच्या कुशीत बसून तिचाही कान गेला. कुणाला बोल लावायचा? तिच्या मनात दयेची एक प्रचंड लाट उठली, आणि त्या लाटेबरोबर वाहून जाणे किती सोपे आहे हेही तिला कळले. एवढे एक केले की झाले. ज्याने तिला प्रथम वाद्यापुढे बसवले, त्याला एक संध्याकाळ द्यायची. वहिनींनी मागितले नव्हते, पण मागितल्यासारखेच होते. ती डोळे मिटून उभी राहिली आणि मनातल्या मनात त्या मोठ्या खोक्यांतून स्वतःला वाजवून पाहू लागली. दादाचा हात वर गेला. आवाज चढला. आणखी चढला. पहिल्या रांगेतल्या घड्याळवाल्या काकांनी कानांवर हात ठेवले. दादाला अखेर ऐकू आले. पण त्याला जे ऐकू आले ते ती नव्हती. तो केवळ आवाज होता. आवाज तर दादाने आयुष्यभर ऐकला होता. तिला ऐकले नव्हते. आणि दया म्हणून जे द्यायचे ते जर खोटे नाणे असेल, तर ते न देणेच अधिक मानाचे, असे तिला वाटले, त्याच्याही मानाचे.

"वहिनी," ती डोळे उघडून म्हणाली, "खुर्च्या उचलायला येता का?"

वहिनींनी बाह्या वर सारल्या. दोघींनी मिळून मागच्या रांगा मोडल्या आणि मंचाखाली, जमिनीवर, अर्धवर्तुळात खुर्च्या मांडल्या. ग्रंथपालबाई धावत आल्या, घाबरल्या, आणि मग त्याही उचलू लागल्या. धाकटीने पडद्यामागून आपले स्पीकर आणि तो खर्जाचा चौकोनी डबा एकेक करून छातीशी धरून आणले, स्पीकर स्टुलांवर ठेवले, डबा जमिनीवर. कीबोर्ड मंचावरून खाली उतरवला. आवाजवाला हात बांधून उभा होता. त्याने विचारले की मग मी काय करू. ती म्हणाली की तुम्ही बसा आणि ऐका. इतकी वर्षे दुसऱ्यांना ऐकवलेत. त्याला ते लागले असावे, किंवा आवडले असावे. तो पहिल्या रांगेच्या टोकाला जाऊन बसला. दादाने मात्र एक खुर्ची कुणालाही हलवू दिली नव्हती. सभागृहाच्या पार मागच्या भिंतीशी, रिकाम्या झालेल्या फरशीच्या त्या विस्तीर्ण पटांगणापलीकडे, तो एकटा हाताची घडी घालून बसला होता. आपल्या रांगेत, जी आता रांग राहिली नव्हती.

लोक आले, बुचकळ्यात पडले, पुढे बसले. काहींना जवळ बसायचा संकोच वाटला. अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागेल असे बसण्याची सभागृहात सवय नसते. दोन-तीन माणसे ते बुटके स्पीकर पाहून आपसात काही बोलली आणि निघून गेली, आणि जाताना त्यांनी दार आपटले नाही एवढेच. धाकटीने त्यांना जाताना पाहिले. पूर्वी अशी पाठ पाहिली की तिची लय चुके. आज तिने मनात म्हटले, जा, सुखाने जा. आणि वाजवायला सुरुवात केली.

पहिले काही सूर तिने इतके हळू टाकले की खुर्च्यांची करकर आधी थांबली, मग खोकणे थांबले, मग कुणी श्वास घेतला तोही समजू लागला. डाव्या हाताने आपले पहिले वाक्य मांडले. फरशीवरून ते पुढच्या पायांपर्यंत गेले असावे, कारण घड्याळवाल्या काकांनी एकदम खाली पाहिले. ती वाजवत राहिली. कानातली शीळ होती. तीही आता जणू दुरून ऐकत होती. आणि नेमक्या त्या ठिकाणी, जिथे डावा हात उजव्याला थांबवून काही सांगू पाहतो, तिथे सभागृहाच्या मागून, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या उघड्या, बेभान मोठ्या आवाजात शब्द आले:

"ऐकू येत नाही."

सगळ्या माना वळल्या. धाकटीचा उजवा हात पट्ट्यांवरून उठला आणि तिने न सांगता बटणाकडे गेला. तीस-बत्तीस वर्षांची सवय होती ती. मालकाने म्हटले आणि हात गेला नाही असे कधी झाले नव्हते. बटण बोटाखाली गार लागले. थोडेसे फिरवले की मर्यादा. त्यापलीकडे आणखी थोडे फिरवले की दादा कदाचित काही ऐकेल, आणि डावा हात गप्प होईल. तिने बोट बटणावर ठेवले. मग काढून घेतले. आवाज होता तिथेच राहिला.

"दादा, पुढे ये," ती म्हणाली. वाजवणे तिने थांबवले नाही. जन्मात प्रथमच ती त्याला काही करायला सांगत होती, आणि त्याला ते ऐकू जाणार नव्हते. हे तिला ठाऊक होते आणि तरी तिने आवाज चढवला नाही. पण शब्द पुढे सरकला. पहिल्या खुर्चीने दुसरीला सांगितले, दुसरीने मागच्याला, आणि अखेर वहिनी उठून त्या रिकाम्या फरशीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाताने, स्पष्ट, खूण केली. दादा बराच वेळ हलला नाही. मग उठला. खुर्ची त्याने उचलली नाही, ओढली. लोखंडी पायांचा तो कर्कश खरखराट सबंध सभागृहभर त्याच्याबरोबर पुढे आला, तिच्या रचनेतल्या सर्वांत हळुवार जागेवरून सावकाश चालत आला, आणि त्या खरखराटाखाली धाकटी वाजवत राहिली, ना अधिक मोठ्याने, ना अधिक घाईने. लोकांच्या चेहऱ्यांवर त्रास होता. तिच्या चेहऱ्यावर नव्हता. याहून मोठ्या आवाजाखाली ती वाजवत आली होती. फरक इतकाच की या वेळी तिला स्वतःचे ऐकू येत होते.

दादाने खुर्ची तिच्या डाव्या बाजूला, लहान स्पीकरपासून हातभर अंतरावर आणून ठेवली. बसला. घाम पुसला. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने तिच्याकडे पाहिले आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात परवानगी दिली.

"हं. वाजव आता."

कुणीतरी हसले, आणि ते हसू अर्धवर्तुळातून हलकेच फिरून गेले. वहिनींनी तोंडावर हात धरला. धाकटी केव्हाची वाजवत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तो वाट पाहत होता. लहान मुलाला पहिल्यांदा वाद्यापुढे बसवल्यावर माणूस वाट पाहतो तशी, भुवया किंचित उंचावून. तिने मान डोलावली. मग उजवा हात पट्ट्यांवरून उचलला, स्टुलावरच्या त्या बुटक्या स्पीकरला कडेने धरला आणि त्याचे तोंड दादाच्या बऱ्या कानाकडे वळवू लागली. वायर आखूड होती, स्पीकर अडत होता, हळूच फिरवावा लागत होता. तेवढा सारा वेळ सभागृहात केवळ डावा हात होता. त्याला सोबत नव्हती, झगमग नव्हती, गायकाच्या श्वासामधली जागा भरून काढायची नव्हती. तो आपल्या गतीने, खालच्या पट्ट्यांवरून, एक पाऊल टाकून दुसरे टाकीत चालला होता.

दादाचे तोंड किंचित उघडले. त्याने स्पीकरकडे कान नेला, आणखी नेला. त्याला किती ऐकू येत होते हे तिला समजले नाही, आणि ते समजून घेण्यासाठी आपण थांबायचे नाही असे तिने ठरवले. स्पीकर आता पुरता वळला होता. उजव्या हाताला परत बोलावण्याची तिने घाई केली नाही.